डोंगरावरची इटालियन गावं: सहकुटुंब गेलेल्यांचे अनुभव

इटलीत डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावांना घरच्यांसोबत गेला असाल तर इथे जरूर लिहा. ठिकाणांची यादी नको, मनात काय राहिलं ते सांगा. सुरुवात मी करते.

आई-बाबा, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक, रोमहून रेल्वेने ओर्विएतोला गेलो. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे, वर नेते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी मिटली. गाव ज्वालामुखीच्या मऊ खडकावर वसलेलं, चहूबाजूंना तुटलेले कडे. बाबा उमेदीत पुष्कळ गड हिंडलेत. कुठेही वर पोचले की पहिला प्रश्न, "पाण्याची सोय काय?" इथेही तोच. उत्तर वरच्या स्थानकाशेजारीच होतं, सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडलाच तर पाणी हवं म्हणून त्याने ती खोदवली. खोली ५३ मीटर, पायऱ्या २४८. उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा. दोन्ही एकमेकांभोवती गोल फिरतात. पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर येऊन अडू नयेत, म्हणून ही योजना! बाबा वरच थांबले. लेक धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "आजोबा, तळाला अजून पाणी आहे." मग त्यांनी तिच्याकडून ते जिने कागदावर काढून घेतले. तो कागद आजही त्यांच्या पाकिटात आहे.

*

विहिरीवरून आठवलं. सान जिमिन्यानोला आम्ही सासूबाईंना नेलं होतं. श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने बांधलेल्या मनोऱ्यांपैकी १४ तिथे उभे आहेत. सर्वांत उंच ५४ मीटरचा, तो मुलं चढली. सासूबाई खाली चौकातल्या विहिरीपाशी बसल्या. तिच्या दगडी काठावर दोरांनी खोल खाचा पडल्यात. त्यांवरून बोटं फिरवत म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या आडाला अश्शाच होत्या." इतक्या वर्षांत माहेरच्या आडाबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि मग तासभर बोलत राहिल्या.

*

आम्ही अस्सिसीला गेलो, बाळ दहा महिन्यांचं. बाबागाडी नेऊ नका, त्या चढावर ती उचलूनच न्यावी लागते. सेंट फ्रान्सिसच्या बॅसिलिकेत, म्हणजे एकावर एक दोन चर्च असलेल्या मोठ्या प्रार्थनास्थळात, बाळ रडायला लागलं, म्हणून आळीपाळीने आत गेलो. १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चच्या छताचा काही भाग कोसळला आणि चार माणसं गेली. भित्तिचित्रांचे तुकडे वेचून पुन्हा जुळवलेत, पण काही जागा मोकळ्याच आहेत. माझी पाळी संपेपर्यंत मी त्या मोकळ्या जागांकडेच बघत होतो.