कादंबरीतला इतिहास कितपत खरा धरायचा? जोडीने वाचायला पुस्तकं सुचवा

समासातली_नोंद

गेल्या महिन्यात हिलरी मँटेलची 'वुल्फ हॉल' संपवली. पहिली शंभर पानं नुसती ठेचकाळत वाचली, कारण 'तो' म्हणजे नक्की कोण हेच कळेना. नाव न घेता नुसतं 'तो' आलं की तो बहुतेक थॉमस क्रॉमवेलच, म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री असतो, हे उशिरा ध्यानात आलं. मग मात्र पुस्तक खाली ठेवता येईना.

आता अडचण सांगते. परवा फोनवर मोठ्या बहिणीला मी क्रॉमवेल माणूस म्हणून कसा होता, घरात कसा हळवा होता, त्याच राजाचा दुसरा मंत्री थॉमस मोर कसा कोरडा आणि कठोर होता, असं अर्धा तास सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला कुठून कळलं?" मी म्हटलं, कादंबरीतून. पुढे काही बोलायची सोयच राहिली नाही.

आमचे बाबा या बाबतीत पक्के होते. ऐतिहासिक कादंबरी वाचायला घेतली की हातात शिसपेन्सिल. शंका आली की समासात एकच शब्द लिहायचे: 'आधार?' त्यांची विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ची प्रत आता माझ्याकडे आहे. तीत असे एक्केचाळीस 'आधार?' मी मोजले. त्यातल्या नऊ ठिकाणी पुढे निळ्या पेनने 'शे.' आणि पानाचा आकडा आहे. 'शे.' म्हणजे त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१'. म्हणजे शंका लिहून ते थांबले नव्हते, जाऊन शोधूनही आले होते. उरलेल्या बत्तीस जागा तशाच.

मलाही तसंच वाचायचंय. एकाच प्रकरणावरची एक कादंबरी आणि एक इतिहासाचं पुस्तक, अशा जोड्या सुचवाल का? मराठी, इंग्रजी काहीही चालेल, जाडीची भीती नाही. फक्त इतिहास पाठ्यपुस्तकी नको आणि लढाया जरा कमी असू द्या.

---

मुद्राराक्षस

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार. मी सव्वीस वर्षं प्रुफं वाचली. समासात लिहिणारा माणूस दिसला की मला आपला वाटतो.

आधी क्रॉमवेलचं बघू. डायरमेड मॅककलॉक यांचं 'थॉमस क्रॉमवेल: अ लाइफ' हे चरित्र 2018 साली आलं. जाडजूड आहे, पण सुरुवातीला ते एक गोष्ट सांगतात तेवढ्यासाठी तरी हातात घ्याच. क्रॉमवेलला आलेली पत्रं ढिगाने शिल्लक आहेत, पण त्याने पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे स्वतःकडे ठेवलेल्या नकला, जवळजवळ गायब आहेत. मॅककलॉक यांचा तर्क असा की 1540 मध्ये त्याला अटक झाल्यावर घरच्याच माणसांनी त्या घाईघाईने जाळल्या असाव्यात, कारण त्याचा स्वतःचा शब्दच त्याच्या गळ्याशी आला असता. तरी तो वाचला नाहीच, जुलैत डोकं उडवलंच. पण आपल्यापर्यंत पोचलं काय, तर सगळं जग क्रॉमवेलशी बोलतंय आणि क्रॉमवेल गप्प. मँटेलबाईंनी नेमकं तेच भोक भरलंय. तुम्ही बहिणीला जो हळवेपणा सांगितलात, तो त्या जळलेल्या कागदांच्या जागी आलेला आहे. मला यात फसवणूक वाटत नाही. फक्त भोक कुठे आहे ते ठाऊक असावं.

पण तुम्ही मागताय तशी जोडी म्हणाल तर माझ्या मते एकच नंबर: मार्टिन गेर. इथे लढाई नाही, राजा नाही. सोळाव्या शतकातलं फ्रान्समधलं आर्तिगा नावाचं खेडं. मार्टिन नावाचा तरुण शेतकरी बापाच्या कोठारातलं थोडं धान्य चोरतो आणि 1548 मध्ये बायको-पोराला टाकून पळून जातो. आठ वर्षांनी 'मी मार्टिन' म्हणत एक जण येतो. बहिणी ओळखतात, चुलता ओळखतो, बायको बर्त्रांद घरात घेते. तीनेक वर्षं सुखाचा संसार होतो, मुलगी होते. मग जमिनीच्या हिशोबावरून चुलत्याशी बिनसतं आणि चुलता म्हणतो, हा मार्टिनच नव्हे!

खटल्यात दीडशेच्या वर साक्षी झाल्या. काही जण म्हणाले हाच तो, काही म्हणाले हा नव्हे, आणि बरेच जण म्हणाले सांगता येत नाही. मला सगळ्यांत आवडतो तो गावचा चांभार. तो म्हणाला, मार्टिनचा पाय बारा मापाचा होता, याचा नऊ. बाकीचे चेहरा, खुणा, जुन्या आठवणी यांवर बोलत होते आणि हा माणूस आपल्या धंद्याचं माप घेऊन उभा होता. तरीही प्रकरण 1560 मध्ये तुलूझच्या वरच्या न्यायालयात गेलं तेव्हा न्यायाधीशांचा कल आरोपीला सोडण्याकडे होता. तेवढ्यात लाकडी पाय लावलेला एक माणूस दारात आला. खरा मार्टिन. पाय लढाईत गेला होता. तोतयाला, आर्नो द्यु तील त्याचं नाव, त्याच गावात मार्टिनच्या घरासमोर फाशी दिलं.

हे सगळं आपल्याला कळतं कारण त्या न्यायाधीशांपैकी जाँ द कोरास याने पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक छापलं.

आता जोडी. कादंबरी जॅनेट लुईस यांची 'द वाइफ ऑफ मार्टिन गेर', 1941 ची. छोटीशी, दोन बैठकांत होते. इतिहास नॅटली झीमन डेव्हिस यांचा 'द रिटर्न ऑफ मार्टिन गेर', 1983 चा, तोही बारीकच. डेव्हिसबाई आधी याच विषयावरच्या फ्रेंच सिनेमाला सल्लागार होत्या. सिनेमात जे सुटलं ते बोचत राहिलं, म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं. गंमत पुढे आहे. लुईस यांची बर्त्रांद शंकेने पोखरून निघते. हा आपला नवरा नव्हे आणि आपण पाप करतोय, या विचाराने तिची झोप उडते. डेव्हिस म्हणतात, छे, तिला कळलं नसेल हे शक्यच नाही. तिने जाणूनबुजून त्याला घरात ठेवून घेतला, दोघांनी मिळून संसार रचला. म्हणजे कादंबरीतली बाई पापभीरू आणि इतिहासातली धूर्त! कागदात बर्त्रांदच्या मनातलं जवळजवळ काही नाही. दोघींनी तिथे आपापली समज घातली आहे.

यावरून भांडणही झालं. रॉबर्ट फिन्ले नावाच्या इतिहासकाराने 1988 मध्ये लांबलचक लेख लिहून विचारलं, बाई, हे तुम्ही कशावरून म्हणता? तुमच्या बाबांच्या भाषेत, आधार? डेव्हिस यांनी त्याच अंकात उत्तर दिलं. दोन्ही मिळाले तर पुस्तकांनंतर जरूर वाचा. मी अजूनही फिन्लेच्या बाजूला थोडा जास्त झुकलेला आहे, पण पुन्हा वाचावंसं वाटतं ते डेव्हिसचंच.

एक सवय सांगतो, पटली तर घ्या. ऐतिहासिक कादंबरी मी मागून सुरू करतो. लेखकाची टीप, ऋणनिर्देश, संदर्भसूची असेल तर ती. 'या कादंबरीतील पात्रे व प्रसंग' वगैरे छापील वाक्यापलीकडे काहीच नसेल तर मी जरा सावध होतो.

---

उलटा_चष्मा

मला हा सगळा खटाटोपच उलटा वाटतो. कादंबरीला आधार कसला मागता? गाणं ऐकून कोणी गायकाकडे पावती मागतं का?

लाम्पेदूझाची 'द लेपर्ड' घ्या. 1860 चं सिसिली, इटली एक करायला निघालेला गॅरिबाल्डी उतरलाय, जुन्या सरदार घराण्याचे दिवस भरलेत. लेखक स्वतः त्याच घराण्यातला, पुस्तक छापलेलं बघायला जगला नाही. 1957 मध्ये गेला, पुस्तक 1958 मध्ये आलं. त्यात एक मोठी नाचाची मेजवानी आहे. राजपुत्र छताकडे बघतो. तिथे चितारलेले देव अगदी निर्धास्त लोळतायत, आपण अमर आहोत अशा थाटात. आणि लेखक मध्येच सांगून टाकतो की पिट्सबर्गमध्ये तयार झालेला एक बॉम्ब 1943 मध्ये त्यांचा हा समज खोटा पाडणार आहे. लगेच नाच पुढे सुरू!

ऐंशी वर्षं एका वाक्यात. लाम्पेदूझाचा स्वतःचा वाडा 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेला होता. हा आधार धरायचा की नाही? इतिहासकाराने असं वाक्य लिहिलं तर त्याला संपादक हाकलून देईल. मी जोडी सुचवणार नाही. एकटीच वाचा, पेन्सिल न घेता.

---

पायवाट

उलटा_चष्मा, लेपर्डबद्दल शंभर टक्के सहमत, पावतीबद्दल नाही. कारण कादंबरीकार स्वतःच कधीकधी इतिहासकाराशी भांडण उकरून काढतो. मग त्यालाही दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

समासातली_नोंद, लढाया कमी म्हणालात तरी 'वॉर अँड पीस' सुचवल्याशिवाय राहवत नाही, माफ करा. टॉलस्टॉयचा जन्म 1828 चा. म्हणजे नेपोलियनची 1812 ची स्वारी त्याच्यासाठी ऐकीव. त्याचं ठाम म्हणणं की सेनापती काही ठरवत नसतात, सगळं असंख्य माणसांच्या हालचालींतून घडत जातं. शेवटी तर गोष्ट संपल्यावर निव्वळ यावरच एक लांब उपसंहार आहे. बरेच जण तो गाळतात. मीही पहिल्यांदा गाळला होता.

याच्यासोबत डॉमिनिक लीवेन यांचं 'रशिया अगेन्स्ट नेपोलियन' वाचा, 2009 चं. ते म्हणतात, असं आपोआप वगैरे काही घडलं नाही. माघार घेत घेत शत्रूला दमवायचं हे रशियन बाजूने विचार करून ठरवलेलं होतं. आणि घोडे! घोडे कुठून आणले, त्यांना खायला काय घातलं, यावर पानंच्या पानं आहेत आणि ती कंटाळवाणी अजिबात नाहीत. त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार लागला. टॉलस्टॉय युद्धाची गोष्ट 1812 च्या अखेरीस सोडून देतो, पण तेच सैन्य पुढे चालत जाऊन मार्च 1814 मध्ये पॅरिसमध्ये शिरलं. कादंबरी इतकी मोठी ठरली की पुढचं सव्वा वर्ष लोकांच्या आठवणीतूनच पुसलं गेलं.

तिसरी वस्तू पुस्तक नाही, नकाशा आहे. नेपोलियनच्या याच स्वारीतल्या सैन्याचा, शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने काढलेला, 1869 चा. 'वॉर अँड पीस' पुस्तकरूपात पूर्ण झालं तेही याच वर्षी. नीमन नदीपाशी एक जाड पट्टा सुरू होतो, 4,22,000 माणसं. मॉस्कोला पोचेपर्यंत 1,00,000. परतीचा काळा पट्टा बारीक होत होत नदीपाशी येतो तेव्हा 10,000. खाली उतरत जाणारं तापमान. एकही पात्र नाही, एकही संवाद नाही. मी तो कादंबरीत खूण म्हणून ठेवला होता आणि दर शंभर पानांनी उघडून बघायचो.

जाता जाता: कार्लो गिन्झबर्ग यांचं 'द चीज अँड द वर्म्स', 1976 चं. इटलीतला एक पिठाची गिरणी चालवणारा मेनोक्कियो. जग चीजसारखं गोठून तयार झालं आणि त्यात अळ्या पडाव्यात तसे देवदूत निघाले, असं तो येईल त्याला सांगत सुटला. धर्मन्यायालयाने दोनदा खटला भरला आणि दुसऱ्यांदा जीवच घेतला. चौकशीतले सवाल-जबाब लिहून ठेवलेले होते म्हणून हा माणूस आपल्याला भेटतो. याला जोडीची कादंबरी लागत नाही.

---

दुसरी_आवृत्ती

मराठीतलं कोणीच बोललं नाही म्हणून: विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घेतलंत का हातात? ही ना कादंबरी, ना इतिहास. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हे भटजी खुद्द झाशीत होते. पण लिहिलं बऱ्याच वर्षांनी, आठवणीतून. आणि 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं ते हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी पुढे काढली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीलाही किती हात लागतात ते दिसतं.

---

समासातली_नोंद

सगळ्यांचे आभार. मार्टिन गेरची दोन्ही पुस्तकं मागवली. 'माझा प्रवास' घरातच निघालं, पण कोणती आवृत्ती ते बघायला लागेल, पहिली चार पानं फाटलीयत.

उलटा_चष्मा, तुमचं वाचल्यावर काल रात्री बाबांचं 'पानिपत' पुन्हा काढलं. एक्केचाळीस 'आधार?' कुठेकुठे आहेत ते या वेळी नीट पाहिलं. सगळे आधीच्या भागात. 14 जानेवारी 1761 चा दिवस सुरू होतो तिथपासून समास कोरे. एकही खूण नाही, आणि खरं तर शंका घ्यायला तिथेच जास्त जागा होती.

---

उलटा_चष्मा

बघा!

---

मुद्राराक्षस

किंवा पेन्सिल बोथट झाली असेल. आमच्या धंद्यात ते कारण आधी तपासतात.

आणि ताई, लुईस आधी वाचा, डेव्हिस नंतर. उलट केलंत तर डेव्हिसचं उत्तर पहिल्या पानापासून डोक्यात असेल आणि बर्त्रांद रात्री जागी राहून नवऱ्याकडे बघते तेव्हा तुम्हाला नुसता तिचा कंटाळा येईल.