कुकरमधली ज्वारीची नानकटाई

ओव्हन नाही म्हणून नातवंडांबरोबर बेकिंग राहून जातं, असं एका ताईंनी लिहिलंय. अहो, आमचं सोलापुरात सगळं कुकरमध्येच चालतं. शिटी-रिंग काढायची, तळाला मीठ पसरून 10 मिनिटं तापवायचं, आत स्टँडवर नानकटाईची ताटली, मंद आच. ज्वारीचं पीठ निम्मंच घ्या, बाकी कणीक. नुसत्या ज्वारीला चिकटपणा नसतो, उचलताच भुगा. एप्रिल-मेमध्ये इथे तूप पातळच असतं, म्हणून वळलेले गोळे आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. नात अंगठ्याने खळगा करून चारोळी बसवते, नातवाला फक्त तूप-साखर फेसायची असते (बरीचशी पोटातच जाते!). गरम असताना मऊच लागतात, कच्च्या समजून पुन्हा भाजू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होतात.