पुठ्ठा अंथरून हरळी मरते का?

काळं_रान
"माजलेल्या तणावर पुठ्ठा अंथरा, वर पालापाचोळा टाका, पंधरा दिवसांत भाजी लावा, कुदळ लागतच नाही." ही पोस्ट कालपासून सगळीकडे फिरतेय. तण कोणतं ते लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नाही, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. गाजरगवत, टाकळा, काटेमाठ बियांवर येतात, उजेड तुटला की संपतात. हरळी काशांवर, म्हणजे जमिनीत पसरणाऱ्या गाठाळ खोडांवर जगते, लव्हाळा गड्ड्यांवर, म्हणजे मातीतल्या बारीक कंदांवर. लव्हाळ्याचा टोकदार कोंब प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर फोडून वर येतो, तिथे भिजलेल्या पुठ्ठ्याचा काय निभाव लागणार? अशा रानात एप्रिलमध्ये एकदा खोल खणा, काशा वेचा, ढेकळं महिनाभर उन्हात तापू द्या. मग हवं तर जन्मभर खणू नका.

परसबाग_सातारा
खणण्यानेच लव्हाळा वाढतो, साहेब. गड्ड्यांची साखळी असते आणि टोकाचा गड्डा मागच्यांना झोपवून ठेवतो. कुदळीने साखळी तुटली की प्रत्येक गड्डा वेगळा फुटतो. रोटाव्हेटर मारणारे तर हरळीची लागवडच करतात, कारण काशाच्या तुकड्याला एक डोळा असला तरी पुरतो.

पुठ्ठा फसतो तो घालण्याच्या पद्धतीमुळे. मृगाचा पाऊस वीतभर मुरल्यावरच अंथरायचा. कोरड्या मातीवर घातला तर खालची माती कोरडीच राहते. तण विळ्याने जमिनीलगत कापून तिथेच पाडा, मात्र बी धरलेलं गाजरगवत बाहेर काढा. तपकिरी पुठ्ठा, दुहेरी थर, चिकटपट्ट्या आणि पिना काढलेल्या, जोडावर वीतभर चढ. पाण्याने लिबलिबीत करा, वर तीन इंच कुजलेलं खत, त्यावर सहा इंच पेंढा किंवा पाचट. पेंढा दबून दोन इंच राहतो, म्हणून भर घालत राहायची. वाफ्याभोवती फूटभर खोल चर ठेवा. हरळी कडेनेच घुसते.

काळं_रान
म्हणजे चर खणायचाच! आणि तीन इंच खत किती होतं ते मांडा ना. गुंठाभर जागेत साठ टक्के वाफे धरले तरी दीड ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर जातं. शेणखताची ट्रॉली काय भावाला मिळते ते विचारून या. त्यात अर्धकच्चं असलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, सोबत येते.

लाल_माती
दोघेही वाळवी विसरलात. कोकणात ऑक्टोबरचं ऊन पडलं की सुकलेला पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण. तो संपवून ती मिरची-वांग्याच्या बुंध्याला लागते. आच्छादन ओलं ठेवा, बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

राहिली हरळी. नेरळच्या सगुणा राईस तंत्रात, म्हणजे भात लावायच्या पद्धतीत, गादीवाफे (उंच वाफे) कायम राहतात, नांगरट नाही, चिखलणी नाही, आणि तणाला ग्लायफोसेट हे तणनाशक. एक फवारणी, प्रश्न मिटला.

परसबाग_सातारा
भाजीच्या वाफ्यात ग्लायफोसेट? घरच्या पानात जाणारी मेथी पिकवायची आहे! केंद्राने २०२२ साली ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं बंधन घातलं, ते उगाच नाही.

लाल_माती
ते मातीच्या कणांना घट्ट बांधलं जातं, मुळांतून मेथीत चढत नाही. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका.

काळं_रान
मग तुम्हीही अर्धवट सांगू नका. ते हिरव्या पानातून उतरतं. ज्या गड्ड्याला पानच फुटलेलं नाही, त्या झोपलेल्या गड्ड्यापर्यंत ते पुरेसं पोचत नाही, म्हणून महिन्याभरात लव्हाळा परत दिसतो. गढूळ पाण्यात कालवलं तर पंपातच निकामी होतं. 'एक फवारणी, प्रश्न मिटला' हे पंधरा दिवसांच्या पुठ्ठ्याइतकंच खोटं आहे.

लाल_माती
गढूळ पाण्याचं बरोबर. दुसरी फवारणी लागते, हेही खरं. पण हरळीवर ती चालते, आणि तुमच्या उन्हाळी खणण्यात मजूर किती लागतात ते तुम्ही सोयीने गाळलंत.

परसबाग_सातारा
फवारा सोडा आता. लव्हाळा आणि हरळी दोन्ही सावलीत हरतात, त्यांना उपाशी ठेवायचं. पहिल्या वर्षी भोपळा, दोडका, चवळी, रताळं असं पसरणारं लावा. पुठ्ठ्याला भोक पाडून ओंजळभर खतात बी टोचा. वर आलेला लव्हाळा दर आठवड्याला जमिनीलगत कापा, चार-पाच पानं होऊ देऊ नका, नाहीतर नवे गड्डे धरतो. मेथी, कोथिंबीर, गाजर दुसऱ्या वर्षी, आच्छादन बाजूला सारून बारीक चाळलेल्या खतात.

काळं_रान
आठवड्याला कापणी, वर्षभर! हे त्या पोस्टमध्ये असतं तर मी लिहिलंच नसतं. नुसती हरळी असेल तर तुमची पद्धत चालेल, तेवढं मान्य. लव्हाळ्याला नाही. आणि भारी काळ्या जमिनीत सपाट वाफ्यावर सहा इंच पेंढा घालून श्रावणात पाणी साचलं की टोमॅटोची मुळं कुजतात, त्याचं काय?

परसबाग_सातारा
काळ्या जमिनीत वाफा फूटभर उंच हवा, हे मी लिहायला हवं होतं. चरातली माती वर ओढली की उंची मिळते. पावसात पेंढ्याचा थर दोन इंचांवर ठेवा, दसऱ्यानंतर वाढवा.

लाल_माती
आणि गोगलगायी? लातूर-बीडकडे २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली. ओलं आच्छादन हे त्यांचं घरच.

परसबाग_सातारा
संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरा, सकाळी खालच्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ वाफ्यात टाकू नका. रोप वीतभर होईपर्यंत त्याभोवती पेंढा नको.