मदत हवी आहे: देवाने बुद्धी फिरवलेले नायक

मंडळी, देव किंवा एखादी शक्ती मनात शिरून नायकाचं भान हरपतं, अशा कथा मी गोळा करतेय. ग्रीक पुराणातला अजॅक्स गुराढोरांना शत्रू समजून कापतो आणि शुद्धीवर आल्यावर शरमेने जीव देतो. आपल्या नळाचं वाचताना तर जीव तुटतो. अंगात कली शिरलेला तो झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून निघतो, पुन्हा पुन्हा मागे वळतो. यात दोष कलीचा की त्याचा?

मला खरी ओढ भानावर आल्यानंतरच्या भागाची आहे. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात महावीर हेराक्लीस (हर्क्युलिस) वेडाच्या भरात स्वतःचीच मुलं मारतो, तरी त्याचा मित्र, अथेन्सचा राजा थीसियस त्याला टाकत नाही, सोबत अथेन्सला नेतो. असा सोबती लाभलेला नायक आपल्या पुराणांत, लोककथांत कोणाला आठवतो का? मूळ आख्यान कुठे मिळेल तेही कृपया सांगा.