पशुवैद्यकीय परिचारिका होण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

लहानपणी आमच्या म्हाताऱ्या मांजरीला मूत्रपिंडाचा विकार जडला, तेव्हा तिच्या कातडीखाली सलाइन कसे द्यायचे आणि हिरड्या कोरड्या पडल्या आहेत का हे कसे पाहायचे, हे दवाखान्यातील परिचारिकेने मला शांतपणे समजावून सांगितले होते. पशुवैद्यकीय परिचारिका होण्याचा माझा निश्चय तेव्हापासून कायम आहे. मात्र भूल दिलेल्या प्राण्याचे ठोके, श्वसन व तापमान यांवर सतत लक्ष ठेवणे ही मला सर्वांत मोठी जबाबदारी वाटते, कारण लहान प्राण्याचे शरीर भुलेखाली फार लवकर थंड पडते. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे: अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करणे कितपत उपयोगी ठरते, आणि दयामरणाच्या प्रसंगी पालकांना धीर देण्याचे कौशल्य कसे शिकावे?