चढवलेला क्रॉसबो उतरवायचा कसा? ट्रिगर दाबतोय पण सुटत नाही. लवकर सांगा

शेव_परमल (इंदूर)
क्रॉसबो (दस्त्यावर बसवलेलं आडवं धनुष्य) चढवलेला आहे, म्हणजे दोरी मागे ओढून अडकवलेली आहे, ट्रिगर दाबला तर सुटत नाही. सेफ्टी पुढे-मागे करून झाली. व्हिडिओ पाहिले तर त्यात सगळे रानडुक्कर मारून राहिलेत. दोरी उतरवायची कशी तेवढंच सांगा, लेक्चर नको. उद्या सकाळी घरी सत्यनारायण आहे, धाराहून आत्याकडचे सगळे येणार. त्याआधी ही वस्तू माळ्यावर जायला हवी.

महूवाले_काका
कोणता आहे? बिनचाकाचा रिकर्व्ह की चाकवाला कंपाउंड? ताण किती पाउंडचा? बोल्ट, म्हणजे त्याचा आखूड तीर, लावलेला आहे की नाही? आणि मुख्य म्हणजे आत्ता तो आहे कुठे, आणि त्याचं तोंड कुणीकडे आहे?

शेव_परमल
साधा आहे. बोल्ट नाही. दिवाणाखाली.

जुगाडमास्तर
एवढं काय त्यात भिया? कैची घ्या, दोरी कापा, विषय संपला. नवी दोरी तीन-चारशेला येते.

प्रत्यंचा (बडोदे)
कृपा करून कुणीही दोरी कापू नका! चढवलेल्या कांबींत (दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या पट्ट्यांत) जी ताकद भरलेली असते ती बोल्ट घेऊन जातो. बोल्टच नसेल तर ती जाणार कुठे? कांबींतच फुटते. फायबरच्या कांबी उभ्या चिरतात, आणि कापलेल्या दोरीचं टोक आधी तोंडाकडे येतं. बोल्ट न लावता सोडू नये म्हणतात ते याचसाठी. कैचीने सोडलं काय नि ट्रिगरने सोडलं काय, कांबीच्या लेखी सारखंच.

जुगाडमास्तर
माझ्या मेव्हण्याने कापली होती. काहीही झालं नाही.

प्रत्यंचा (बडोदे)
मेव्हण्याचा किती पाउंडचा होता?

जुगाडमास्तर
हातात मावणारा, पिस्तुलासारखा. पण तत्त्व तेच ना?

महूवाले_काका
तत्त्व तेच, हिशेब वेगळा. परमल, "साधा" म्हणजे काय ते सांगा. खोक्यावर काय छापलंय?

शेव_परमल
खोकं रद्दीत गेलं. दस्त्याच्या बुडाशी १५० लिहिलंय. पुढे लोखंडी रिकीब आहे पाय ठेवायला. चढवायची दोरी सोबत आली होती, ती आहे. अजून किती प्रश्न? आई दर दहा मिनिटांनी विचारते, झालं का.

महूवाले_काका
१५० पाउंड म्हणजे जवळपास ६८ किलो. आणि हा दिवाणाखाली! त्या दिवाणावर कोण झोपतं?

शेव_परमल
आजी. पण दुपारी फक्त.

नवीन_पालक
नमस्कार, माझा मुलगा नववीत आहे, त्याला तिरंदाजीची आवड आहे. त्याला क्रॉसबो घेऊन द्यावा का? पुढे स्पर्धेसाठी उपयोग होतो का?

वकील_नाही_पण
धागाकर्त्याने आधी हे सांगावं की परवाना आहे का. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअरगनसुद्धा २० ज्यूलच्या वर गेली किंवा नळी .१७७ इंचापेक्षा मोठी असली की परवाना लागतो.

शेव_परमल
ही एअरगन नाहीये. मी गोळी मारून राहिलोय का? ऑनलाइन घेतलाय, बिल आहे.

वकील_नाही_पण
बिल म्हणजे परवानगी नव्हे. कलेक्टर कचेरीत शस्त्र शाखा असते, तिथे मॉडेलचा कागद घेऊन जा आणि लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचं "चालतं हो" पोलिस चौकीत चालत नाही.

जुगाडमास्तर
लेखी उत्तर येईपर्यंत पुढचा सत्यनारायण येईल.

आणि खेळण्यावरून एवढा गोंधळ कशाला? तीराला वर पिसं आहेत, प्लास्टिकची.

प्रत्यंचा (बडोदे)
खेळणं? हिशेब करून बघू. परमल, एका बोल्टचं वजन करता येईल का? आणि जाहिरातीत वेग काय दिला होता?

शेव_परमल
वजन काय करायचंय आता! बरं. काकांचं दुकान सराफ्यात आहे, मागे तिथे गंमत म्हणून काट्यावर ठेवला होता. १८ ग्रॅम. वेग २१० फूट सेकंदाला असं काहीतरी होतं.

प्रत्यंचा (बडोदे)
२१० फूट म्हणजे ६४ मीटर. १८ ग्रॅम, ६४ मीटर: साधारण ३७ ज्यूल होतात. दहा मीटरच्या नेमबाजीची स्पर्धेतली एअर रायफल सात-आठ ज्यूलची असते. म्हणजे तुमचं "खेळणं" तिच्या पाचपट आहे. वर छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, पत्र्यावर चपटा होतो. हा पोलादी टोकाचा दांडका, तो शिरतो.

पण पाउंडाच्या आकड्यावरही जाऊ नका. जुगाडमास्तरांच्या मेव्हण्याचा तो पिस्तूलवाला ८० पाउंडचा असला तरी दोरी पुढे सरकते जेमतेम सहा इंच. माझं ४० पाउंडचं धनुष्य वीस इंच ओढलं जातं, आणि त्यात त्याच्याहून जास्त ताकद साठते. ताण गुणिले ओढ, असा तो मामला. म्हणून एकाचं चाललं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)
खेळणं म्हणणाऱ्यांसाठी: इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड ११९९ साली क्रॉसबोच्या बोल्टनेच मेला. खांद्याला लागला, जखम चिघळली. त्याआधी ११३९ मध्ये रोमच्या परिषदेत ख्रिश्चनांवर हे हत्यार चालवू नये असं ठरलं होतं. कुणी ऐकलं नाही ते वेगळं. चीनमध्ये तर मातीच्या सैनिकांच्या त्या प्रसिद्ध खड्ड्यांत क्रॉसबोचे काशाचे ट्रिगर सापडलेत. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी यंत्रणा! आमच्याकडे दसऱ्याला पणजोबांची तलवार पूजेत असते, तिलाही मुलांना हात लावू देत नाही.

शेव_परमल
रिचर्डचं नंतर. माझं सांगा.

महूवाले_काका
माझ्या मते दोघांनी करायचं काम आहे. चढवायच्या दोरीचे आकडे अडकवा, एकाने रिकिबीत पाय ठेवून पक्कं धरायचं, दुसऱ्याने ट्रिगर दाबायचा, आणि हळूहळू सोडत न्यायचं. दोरीच्या कप्प्यांमुळे वजन निम्मं होतं, ३४ किलो. आम्ही असंच करायचो.

प्रत्यंचा (बडोदे)
काका, राग मानू नका, पण तुम्ही सवयीचे आहात. नवखा माणूस ३४ किलो घेऊन पाठीत वाकलेला, दुसऱ्याचं बोट ट्रिगरवर, आणि मधेच हात घामाने सरकला तर? उतरवायची सोय नसलेल्या मॉडेलवर हे करू नये असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. बोल्ट लावून मऊ ठिकाणी सोडणं हाच राजमार्ग.

महूवाले_काका
माहितीपत्रकं वकील लिहितात.

वकील_नाही_पण
मी लिहीत नाही.

प्रत्यंचा (बडोदे)
परमल, एक सांगा. सुरुवातीला बोल्ट लावला होता का? आणि ट्रिगर दाबल्यावर काही आवाज आला होता?

शेव_परमल
हो, लावला होता ना. दाबला तर नुसतं टक् झालं, दोरी केसभर पुढे आली आणि अडकली. मग आई ओरडली म्हणून बोल्ट काढून ठेवला. तेव्हापासून ट्रिगर ढिला ढिला लागतोय. हे आधी सांगायचं होतं का?

प्रत्यंचा (बडोदे)
हेच सांगायचं होतं!

तुमच्या क्रॉसबोत रिकामा सुटू नये म्हणून एक खिटी आहे. बोल्टचं बूड दोरीला पूर्ण टेकलं की ती खिटी बाजूला होते. तुमचा टेकला नव्हता, म्हणून तिने दोरी झेलली. बिघाड काही नाही, खिटीने तुमच्या कांबी वाचवल्या. बोल्टला तीन पिसं असतील, त्यात एक वेगळ्या रंगाचं. ते कुठे केलं होतं?

शेव_परमल
वर. छान दिसतं म्हणून.

महूवाले_काका
घ्या.

प्रत्यंचा (बडोदे)
वेगळ्या रंगाचं पीस खाली, खोबणीत. वर केलं की बाकीची दोन पिसं बोल्ट ठेवायच्या पट्टीवर घासतात, बोल्ट उचललेला राहतो आणि मागे सरकत नाही. आता घाई न करता:

आधी जागा. घरात नाही, गच्चीवरही नाही. समोर काय आहे ते सांगा.

शेव_परमल
सुदामानगरात राहतो, अंगण म्हणजे स्कूटरपुरतं. मी गच्चीवरच खेळायचो, कठड्याला थर्मोकोल टेकवून. बाजूच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, रेतीचा ढीग आहे.

महूवाले_काका
कठड्याला थर्मोकोल! तो थर्मोकोल या बोल्टला पापडासारखा. नेम वर गेला तर तिरपा सुटलेला बोल्ट दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडेल, म्हणजे दोन गल्ल्या ओलांडून कुणाच्या तरी पापडाच्या खाटेवर. शेजारच्यांची टाकी शाबूत आहे ना?

शेव_परमल
टाकीचं मीच बुजवून दिलं. एम-सीलने.

प्रत्यंचा (बडोदे)
रेतीचा ढीग उत्तम. पण रेतीच हवी, गिट्टी मिसळलेली नको, नाहीतर बोल्ट उसळतो. मजूर गेले की जा, ढिगामागे कुणी नाही हे स्वतः पाहून या. तोंड सतत ढिगाकडे. रिकिबीत पाय, चढवायची दोरी अडकवून मागे ओढा, पुन्हा टक् होईपर्यंत. सेफ्टी आपोआप लागते का पहा, नसेल तर लावा. मग बोल्ट, वेगळं पीस खाली, बोल्ट दाबून धरणाऱ्या वरच्या पत्तीखालून दोरीला भिडेपर्यंत सरकवा. भिडला हे डोळ्यांनी पहा, अंदाजाने नको. पाच-सहा पावलांवरून, खाली रोखून. पुढच्या हाताचा अंगठा आणि बोटं पट्टीच्या खाली. सर्वांत जास्त दुखापत तिथेच होते, दोरी अंगठा घेऊन जाते. डोळ्याला चष्मा. मग सेफ्टी काढून सोडा.

जुगाडमास्तर
एवढ्यात मी कापून मोकळा झालो असतो.

लष्करकर (ग्वाल्हेर)
आणि दवाखान्यात दाखल.

चोरलप्रेमी
रविवारी गाडीत टाका आणि चोरलकडे या ना, मोकळं रान आहे. पातालपाणीला भुट्टे खाऊ.

वकील_नाही_पण
हा सल्ला ऐकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचंही नाव आहे. जंगलात हे घेऊन सापडलात तर "टार्गेट मारायला आलो" हे वनरक्षकाला पटवत बसाल.

नवीन_पालक
माझा प्रश्न राहिला.

प्रत्यंचा (बडोदे)
ऑलिम्पिकच्या तिरंदाजीत क्रॉसबो नसतो, त्यामुळे मुलाला धनुष्यच द्या. मध्य प्रदेशची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे, निवड चाचणीची चौकशी तिथे करा. क्रॉसबोत खांदा-पाठ काही तयार होत नाही, एकदा चढवला की बंदुकीसारखा नेम धरायचा.

महूवाले_काका
नेम धरणं काय सोपं असतं का? हे तिरंदाज लोक नेहमी असंच बोलतात.

प्रत्यंचा (बडोदे)
सोपं म्हटलं नाही काका, वेगळं म्हटलं.

शेव_परमल
झालं!!! पीस खाली केलं, दोरीला टेकलं, आणि सुटला. मागे ओढताना पाठ गेली कामातून. आता दोरी उतरलीय, सामान माळ्यावर, आईला सांगितलं.

महूवाले_काका
शाब्बास. आता कांबींवर बोट न फिरवता, मऊ कापूस फिरवून बघा. धागा अडकला तर चीर आहे, मग पुन्हा चढवायचा नाही. किती तास चढलेला होता?

शेव_परमल
काल संध्याकाळपासून.

महूवाले_काका
काल संध्या— बरं. कापूस नक्की फिरवा.

जुगाडमास्तर
दोरीला मेण लावा. मधमाशीचं, मेणबत्तीचं नको. आणि एक दुर्बीण बसवून घ्या, माझ्याकडे आहे, कमी किमतीत देतो.

शेव_परमल
दुर्बीण नको. एक अडचण झालीय. बोल्ट रेतीत पूर्ण आत गेला, दिसतच नाहीये. हाताने उकरलं, नाही सापडला. मिस्त्री सकाळी आठला रेती घमेल्याने उचलतो, आणि तेव्हाच इकडे गुरुजी येतात.

प्रत्यंचा (बडोदे)
हाताने उकरू नका, टोक लागेल. सोडलेल्या जागेवरून त्याच रेषेत बघा, तो वाटतो त्याहून खोल आणि थोडा वर वळलेला असतो. बाजूने फावड्याने हळू ओढा. पोलादी टोक आहे ना? चुंबक फिरवा. नाही सापडला तर मिस्त्रीला आजच फोन करून सांगा, उद्या कुणाच्या तळव्यात जायला नको.

शेव_परमल
फ्रिजवरचं चालेल? गणपतीचं आहे, छोटं.