मॅन्यूव्हरिंग स्पीड आणि लोड फॅक्टर : मराठीत काय म्हणावं?

खिडकीची सीट
भाचा बारामतीला विमान चालवायला शिकतोय. सुट्टीवर आला की आजीला रोज एक धडा. परवा तिने विचारलं, "वळताना पंख मोडत नाहीत का रे?" त्याने 'लोड फॅक्टर' आणि 'मॅन्यूव्हरिंग स्पीड' असे दोन शब्द फेकले. आजी म्हणाली, "मराठीत सांग, नाहीतर मला झोपू दे." तेव्हापासून मी अडकलेय. पहिल्यासाठी 'भारांक' सुचतो. दुसऱ्यासाठी 'युक्तिचालन वेग' असं काहीतरी होईल, पण ते वाचून विमान नाही, वकील डोळ्यांपुढे येतो.

डबलबेल
आमचं आयुष्य एसटीत गेलं. लोड फॅक्टरला आम्ही 'भारमान' म्हणतो. तयार शब्द आहे, रोज पेपरात येतो. नवा कशाला पाडायचा?

वीजमीटर
काका, भारमान म्हणजे भरलेल्या सीटा. विमान कंपन्याही त्याच अर्थाने लोड फॅक्टर म्हणतात. आणि विजेतला लोड फॅक्टर तिसराच, सरासरी मागणी भागिले कमाल मागणी. ताई विचारतायत तो चौथा दिसतोय.

उलटा वारा
मी शिकवतो म्हणून जरा लांबण लावतो. ताई, भारमान नकोच. इथे लोड फॅक्टर म्हणजे पंख जेवढा भार उचलतायत तो विमानाच्या वजनाच्या किती पट. सरळ सपाट उडताना १. उंची न सोडता ४५ अंश कलून वळलात तर १.४१, ६० अंशांना २, ७५ ला थेट ३.८६. शेवटचे पंधरा अंश फार महाग पडतात. दोन पटीला मांडीवरचा हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, हेडसेट डोक्यात रुततो आणि नव्या पोराचे गाल ओघळलेले दिसतात. आपल्याकडे दुप्पट-तिप्पट आहेच, तर 'भारपट' म्हणा की. "साठ अंशांना भारपट दोन." समजावून सांगावंच लागत नाही.

साध्या शिकाऊ विमानाची मर्यादा ३.८ पट, कसरतीच्या विमानाची ६, मोठ्या प्रवासी विमानाची साधारण २.५. त्याच्या दीडपट ताकद रचनेत धरलेली असते, पण ती खर्चायला नाही. मर्यादेपलीकडे गेलेलं विमान तुटलं नाही तरी कायमचं वाकू शकतं.

आता वेग. वेग दुप्पट झाला की पंखाला देता येणारी उचल चौपट होते. ('उचल' म्हटलं की ऊसतोड आठवते, पण 'लिफ्ट'ला याहून बरा शब्द मला दिसत नाही.) समजा एक विमान ५० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होतं, म्हणजे तिथे पंख जेमतेम एक पट उचलतात. १०० नॉटला जास्तीत जास्त चार पट. त्यापुढे योक, म्हणजे विमानाचं हँडल, ओढलात तर हवा पंखाला सोडून जाते, विमान स्टॉल होतं आणि भार आपोआप उतरतो. फ्यूज उडतो तसं. १५० नॉटला तोच पंख नऊ पट द्यायला तयार, पण त्याआधी तो मोडणार. चार पट सोसणाऱ्या विमानासाठी १०० नॉट हाच तो मॅन्यूव्हरिंग स्पीड. हवा खडबडीत असली की म्हणूनच याच्या खाली यायचं.

खिडकीची सीट
'भारपट' घेतला! पण मग विमान हलकं असेल तर हा वेग वाढत असेल ना? वजन कमी, ताण कमी.

उलटा वारा
उलट, कमी होतो. माझे निम्मे विद्यार्थी इथेच आपटतात.

डबलबेल
यात काय अवघड आहे? रिकाम्या एसटीत मागच्या सीटवर बसून बघा. स्प्रिंग तीच, खड्डा तोच, पण गाडी भरलेली असेल तर नुसती डुलते, रिकामी असेल तर टपाला डोकं आपटतं.

उलटा वारा
काका, उद्यापासून वर्गात हेच सांगणार. पंखाचा जोर तेवढाच, वजन कमी, म्हणून हिसका मोठा. आणि तो इंजिनाच्या बैठकीला, बॅटरीला, सीटांना सोसावा लागतो. सेसना १७२ एस घ्या. पूर्ण भरलेली, २५५० पौंडांना हा वेग १०५ नॉट. १९०० पौंडांना ९०. वजनाबरोबर बदलतो म्हणून वेगमापकाच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांवर त्याची खूणच नसते, समोर पाटीवर लिहिलेला असतो.

वीजमीटर
मग सरळ 'सुरक्षित वेग' म्हणा ना.

उलटा वारा
तेच तर नको. इंग्रजी शब्दानेच माणसांना फसवलंय. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं एअरबस ए-३०० पुढच्या जंबोने मागे सोडलेल्या भोवऱ्यांत हललं. सहवैमानिकाने सुकाणू एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, असं लागोपाठ दाबलं. शेपटीचा उभा पंख मुळापासून उखडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. वेग या मर्यादेच्या आतच होता. चौकशीत निघालं की या वेगाखाली काहीही करा, विमान सोसतं, असं कितीतरी वैमानिक धरून चालले होते. प्रत्यक्षात हमी एवढीच, की एकच नियंत्रण, एकाच दिशेने, एकदाच पूर्ण हलवलं तर चालेल. उलटसुलट नाही, दोन एकदम नाहीत. 'मॅन्यूव्हर'चं भाषांतर करूच नका. मी 'हिसकावेग' म्हणेन. एक हिसका सोसण्याचा कमाल वेग.

वीजमीटर
हिसकावेग म्हणजे विमान स्वतःच हिसके देतंय असं वाटतं. 'एकहिसका वेग'?

उलटा वारा
जरा ओबडधोबड आहे, पण 'एक' महत्त्वाचा. माझं मत बदललं.

खिडकीची सीट
आजीला दोन्ही शब्द पसंत. भाचा म्हणतो, परीक्षेत मी या वेगाची इंग्रजी खूण, व्ही-ए, लिहिणार. आणि आजीचा नवा प्रश्न : "स्टॉल तर वडापावचा असतो, विमान कसं होईल स्टॉल?" वेगळा धागा काढते.